स्मार्ट पर्यटनावरील संशोधनाची वाढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत पर्यटन-व्यवस्थापन, ग्रंथालयशास्त्र आणि नगररचना शिकणारे विद्यार्थी प्रबंधाचा विषय ठरवताना माझ्याकडे जे प्रश्न घेऊन येतात, त्यांतील पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. मोजून सांगता येण्यासारखे काय आणि माझे मत काय, हा फरक वाचकाला कळावा अशा रीतीने उत्तरे लिहिण्याचा प्रयत्न केला आहे.

स्मार्ट पर्यटन म्हणजे नेमके काय आणि ते ई-पर्यटनापेक्षा वेगळे कसे?

पर्यटनस्थळी सतत माहिती निर्माण होत असते. ती तिकीट खिडकीवरची असेल, वाहतुकीची असेल, हवामानाची असेल किंवा पर्यटकांच्या मोबाइलमधून मिळणारी असेल. ही सारी माहिती एकत्र आणायची, तिच्यावर लगेच प्रक्रिया करायची आणि तिच्या आधारे पर्यटकाचा अनुभव, स्थळाचे व्यवस्थापन व व्यवसायांचे निर्णय सुधारायचे, अशा संघटित प्रयत्नाला स्मार्ट पर्यटन म्हणतात. उल्रिके ग्रेट्झेल, मारियाना सिगाला, झेंग श्यांग आणि चुलमो कू यांनी २०१५ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक मार्केट्स’ या नियतकालिकात केलेली मांडणी आजही बहुतेक अभ्यासक आधाराला घेतात. स्मार्ट स्थळ, स्मार्ट अनुभव आणि स्मार्ट व्यवसाय-परिसंस्था असे तीन घटक त्यांनी सांगितले. माहिती गोळा करणे, तिची देवाणघेवाण करणे आणि तिच्यावर प्रक्रिया करणे ही कामे या तिन्ही घटकांत सारखीच महत्त्वाची मानली.

फरक उदाहरणाने लवकर कळतो. एखाद्याने घरबसल्या घारापुरीच्या लेण्यांचे तिकीट ऑनलाइन काढले, तर ते ई-पर्यटन झाले. मात्र गेटवेवरून सुटलेल्या लाँचमधील प्रवाशांची संख्या, लेण्यांत आधीच असलेली गर्दी, भरती-ओहोटीची वेळ आणि परतीच्या लाँचमधील जागा ही माहिती एकमेकींशी जोडली गेली आणि त्यावरून सकाळी दहा वाजता धक्क्यावर उभ्या असलेल्या कुटुंबाला ‘आत्ता निघण्यापेक्षा तासाभराने निघा’ असे खात्रीने सांगता आले, तर ते स्मार्ट पर्यटन होईल. मोबाइल दोन्हीकडे आहे, पण माहितीची जोडणी फक्त दुसऱ्या उदाहरणात आहे. संशोधनात ‘स्मार्ट’ हा शब्द जेव्हा केवळ ‘नवे अ‍ॅप’ या अर्थाने वापरलेला दिसतो, तेव्हा तो लेख जरा सावधपणे वाचावा.

ही संज्ञा आली कुठून?

तिच्यामागे दोन प्रवाह आहेत. पहिला प्रवाह माहिती तंत्रज्ञान आणि पर्यटन यांच्या अभ्यासाचा. ‘एंटर’ या नावाने दरवर्षी भरणारी परिषद १९९४ मध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे सुरू झाली आणि ‘इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी अँड टुरिझम’ हे नियतकालिक १९९८ मध्ये निघाले. दिमित्रिओस बुहालिस आणि रॉब लॉ यांनी २००८ मध्ये ‘टुरिझम मॅनेजमेंट’मध्ये आधीच्या वीस वर्षांचा विस्तृत आढावा घेतला, तोपर्यंत या क्षेत्राचे रूढ नाव ई-पर्यटन हेच होते. दुसरा प्रवाह शहरांचा. २००८ च्या अखेरीस आयबीएम कंपनीने ‘स्मार्टर प्लॅनेट’ ही कल्पना पुढे आणली आणि ‘स्मार्ट सिटी’ हा शब्द जगभरच्या महापालिकांच्या तोंडी बसला. पर्यटनस्थळ हेही बहुधा एक शहरच असते, त्यामुळे हे दोन प्रवाह मिळायला फार वेळ लागला नाही.

संशोधनाची वाढ कधी झाली आणि तिच्यामागची कारणे कोणती?

ढोबळमानाने २०१३ ते २०१५ हा संकल्पना ठरवण्याचा काळ होता. बुहालिस आणि आदित्य अमरंगना यांचा स्मार्ट पर्यटनस्थळांवरील निबंध आणि वर उल्लेखलेला २०१५ चा लेख याच काळातले आहेत. २०१६ नंतर लेखांची संख्या झपाट्याने वाढत गेली, आणि पुढे तर ‘आतापर्यंत काय लिहिले गेले’ याचाच आढावा घेणारे लेख इतके निघू लागले की आढाव्यांचा आढावा घ्यावा लागेल अशी स्थिती आली.

ही वाढ केवळ अभ्यासकांच्या कुतूहलातून झालेली नाही. तिला सरकारी धोरणांनी मोठे बळ दिले, आणि हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चीनने २०१४ हे स्मार्ट पर्यटन वर्ष म्हणून जाहीर केले. स्पेनमध्ये सेगित्तुर या सरकारी संस्थेने स्मार्ट पर्यटनस्थळांचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि अशा स्थळांच्या व्यवस्थापनासाठी तिथे स्वतंत्र मानकही तयार झाले. युरोपीय संघाने स्मार्ट पर्यटनाची युरोपीय राजधानी निवडण्याची स्पर्धा सुरू केली व २०१९ साठी हेलसिंकी आणि लियाँ ही दोन शहरे पहिली मानकरी ठरली. दक्षिण कोरियाने स्मार्ट पर्यटन शहरांची योजना आखली आणि त्या देशातील क्युंग ही विद्यापीठ या विषयाचे एक प्रमुख केंद्र बनले. जिथे योजना येते तिथे निधी येतो, निधीबरोबर मूल्यमापनाची गरज येते आणि मूल्यमापनातून शोधनिबंध तयार होतात. म्हणून चीन, स्पेन आणि कोरिया येथील अभ्यासकांची नावे या विषयात वारंवार भेटतात, याचे आश्चर्य वाटू नये.

तंत्रज्ञानातील बदल हे दुसरे कारण. स्मार्टफोन सर्वसामान्यांच्या हाती आला, समाजमाध्यमांवरील छायाचित्रे व अभिप्राय लाखोंच्या संख्येने मिळू लागले आणि पूर्वी ज्यासाठी वर्षभर फिरून माहिती गोळा करावी लागे, ते काम संगणकापुढे बसून होऊ लागले. याचा फायदा झाला तसा तोटाही झाला, पण त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तिसरे कारण प्रकाशनव्यवहाराचे आहे. मुक्त-प्रवेश, म्हणजे कोणालाही मोफत वाचता येणाऱ्या, नियतकालिकांची संख्या वाढली, विशेषांकांची पद्धत रुळली आणि जगभरच्या विद्यापीठांत बढतीसाठी व पदवीसाठी प्रकाशित लेखांची अट कडक झाली.

ही वाढ मोजतात कशी?

या पद्धतीला ग्रंथमिती म्हणतात. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स यांसारख्या, शोधनिबंधांच्या नोंदी साठवणाऱ्या ऑनलाइन संदर्भकोशात ठरावीक शब्दांनी शोध घ्यायचा, मिळालेल्या लेखांची नोंद उतरवून घ्यायची आणि वर्ष, लेखक, देश, नियतकालिक, बीजशब्द व संदर्भोल्लेख यांच्या आधारे क्षेत्राचे चित्र उभे करायचे, असा तिचा क्रम आहे. चित्रासाठी नेदरलँड्समधील लायडन विद्यापीठात तयार झालेले व्हॉसव्ह्यूअर आणि इटलीतील अभ्यासकांनी तयार केलेले बिब्लिओमेट्रिक्स ही दोन साधने सर्रास वापरली जातात. दोन्ही मोफत आहेत.

विद्यार्थ्यांना सहसंदर्भ आणि संदर्भसाम्य या दोन संकल्पनांत गोंधळ होतो. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेचे उदाहरण घ्या. पत्रिकेच्या तळाशी निमंत्रकांची नावे असतात. दोन नावे अनेक पत्रिकांत एकत्र दिसू लागली, तर त्या दोन माणसांचा काही संबंध असावा असे आपण म्हणतो; हा सहसंदर्भ. याउलट दोन वेगळ्या पत्रिकांच्या तळाशी बरीचशी तीच नावे असतील, तर त्या दोन घरांचा संबंध असावा असे आपण ओळखतो, हे संदर्भसाम्य. शोधनिबंधाची संदर्भसूची म्हणजे त्याची निमंत्रकांची यादी. सहसंदर्भाने क्षेत्राचे जुने आधारस्तंभ दिसतात, तर संदर्भसाम्याने आज एकमेकांच्या जवळ काम करणारे गट दिसतात. नव्या प्रबंधासाठी दुसरी पद्धत अधिक उपयोगाची आहे, असे माझे मत आहे.

यंत्र चित्र काढते, पण त्याआधीची साफसफाई माणसाला करावी लागते. ‘स्मार्ट टुरिझम’, ‘स्मार्ट डेस्टिनेशन’, ‘स्मार्ट टुरिस्ट डेस्टिनेशन’ आणि ‘इंटेलिजंट टुरिझम’ यांना यंत्र चार वेगळे विषय समजते. एकाच अभ्यासकाचे नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी फक्त आद्याक्षरांनी आणि तिसऱ्या ठिकाणी आडनाव मागेपुढे करून नोंदवलेले असते. मुंबई विद्यापीठ हे नाव ‘युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई’, ‘मुंबई युनिव्हर्सिटी’ आणि जुन्या नोंदींत ‘युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे’ असे तीन तऱ्हांनी येते. हे पर्याय एका फाइलमध्ये समोरासमोर मांडून यंत्राला द्यावे लागतात. हे काम कंटाळवाणे आहे, त्याला आठवडे लागतात आणि शोधनिबंधात त्याला जेमतेम एक ओळ मिळते. तरीही आढाव्याची विश्वासार्हता बहुतांशी त्यावरच अवलंबून असते. साफसफाईची ती एक ओळही ज्या आढाव्यात नसेल, त्यातील रंगीत नकाशावर फार विसंबू नये.

वेगवेगळ्या आढाव्यांत लेखांची संख्या इतकी वेगळी का दिसते?

शोधाची वाक्यरचना, संदर्भकोश, शोध घेतल्याची तारीख आणि गाळणी या चार गोष्टी बदलल्या की संख्या बदलते. ‘स्मार्ट टुरिझम’ हे शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधले, तर नेमकी तीच जोडी असलेले लेख मिळतात. अवतरणचिन्हे काढली, की ज्या लेखात कुठेतरी ‘स्मार्ट’ आणि कुठेतरी ‘टुरिझम’ आहे, असे सारे लेख आत येतात. कोणी परिषदांतील निबंध मोजतो, कोणी फक्त नियतकालिकांतील लेख घेतो. कोणी केवळ इंग्रजी लेख ठेवतो आणि त्यामुळे चिनी व स्पॅनिश भाषांतील मोठा ऐवज बाहेर राहतो. म्हणून दोन आढाव्यांतील आकडे शेजारी ठेवून ‘दुप्पट वाढ झाली’ असा निष्कर्ष कधीही काढू नये.

आणखी एक बाब. आलेखाच्या शेवटच्या वर्षी रेषा बहुधा खाली वळलेली दिसते. दरवर्षी कोणीतरी विद्यार्थी ‘या विषयातील रस ओसरू लागला आहे’ असे लिहून आणतो. वास्तविक त्या वर्षाचे लेख संदर्भकोशात पूर्णपणे नोंदले गेलेलेच नसतात. शेवटचे अपुरे वर्ष आलेखातून वगळावे किंवा तुटक रेषेने दाखवावे.

लेखांची संख्या वाढली म्हणजे ज्ञान वाढले असे म्हणता येईल का?

तसे थेट म्हणता येणार नाही. विज्ञानातील प्रकाशने घातांकी गतीने, म्हणजे ठरावीक काळाने दुप्पट होत, वाढतात, हे डेरेक द सोला प्राइस यांनी १९६० च्या दशकातच दाखवले होते. त्यामुळे स्मार्ट पर्यटनावरील लेख वाढले, एवढ्या विधानातून काहीच सिद्ध होत नाही. त्याच काळात पर्यटनावरील एकूण लेख किती वाढले हे पाहून, त्यांतील स्मार्ट पर्यटनाचा वाटा वाढला की नाही, हे तपासले पाहिजे. एवढी साधी तुलना अनेक आढाव्यांत नसते.

पुनरावृत्ती हा दुसरा प्रश्न आहे. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेले तंत्रज्ञान-स्वीकाराचे प्रारूप घ्यायचे, त्यात दोन-तीन नवे घटक जोडायचे, पाच पर्यायांची प्रश्नावली ऑनलाइन पाठवायची आणि ‘उपयुक्त वाटल्यास पर्यटक अ‍ॅप वापरतात’ हा निष्कर्ष पुन्हा एकदा काढायचा, या साच्यातून निघालेले लेख पुष्कळ आहेत. त्यांची गणिते बरोबर असतात. पण अशा दहा लेखांनंतर अकरावा वाचून पर्यटनस्थळाविषयी काही नवे हाती लागत नाही.

कोणत्या विषयांवर सर्वाधिक लिहिले गेले आहे?

संकल्पना आणि व्याख्या, स्मार्ट पर्यटनस्थळांचे व्यवस्थापन, पर्यटकाचा अनुभव आणि समाधान, समाजमाध्यमांवरील माहितीचे विश्लेषण, तसेच तंत्रज्ञानाचा स्वीकार हे जुने व मोठे गट आहेत. अलीकडे शाश्वतता, अतिपर्यटन (स्थळाला न पेलणारी पर्यटकांची गर्दी), आभासी व संवर्धित वास्तव (व्हर्च्युअल व ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी), आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांवरील लेखन वाढले आहे. अतिपर्यटनाच्या संदर्भात व्हेनिसचा उल्लेख हटकून येतो, कारण त्या शहराने आधी पर्यटकांच्या हालचालींवर लक्ष ठेवणारा नियंत्रण कक्ष उभारला आणि २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्क लावून पाहिले.

कोविडच्या साथीने या संशोधनात काय बदलले?

२०२० मध्ये जगातील आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या आदल्या वर्षापेक्षा सत्तर टक्क्यांहून अधिक घटली. प्रत्यक्ष स्थळी जाऊन अभ्यास करणे थांबले आणि स्पर्शविरहित सेवा, आभासी सफरी, गर्दीचे नियमन हे विषय पुढे आले. त्यांतील गर्दीचे नियमन हा विषय साथ ओसरल्यावरही टिकून आहे आणि मुंबईच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे.

भारतात या विषयाची स्थिती काय आहे?

२५ जून २०१५ रोजी स्मार्ट सिटी अभियान सुरू झाले आणि त्यात पुढे शंभर शहरे निवडली गेली. महाराष्ट्रातील पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि छत्रपती संभाजीनगर ही शहरे त्या यादीत होती. अभियानामुळे ‘स्मार्ट’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रोजचा झाला, परंतु त्याचा भर रस्ते, पाणी, वाहतूक आणि नियंत्रण कक्ष यांवर होता. परिणामी भारतीय लेखनात पर्यटन हे अनेकदा स्मार्ट सिटीच्या प्रकरणातील एक उपविभाग म्हणून येते. छत्रपती संभाजीनगरसारखे शहर अजिंठा आणि वेरूळ यांचे प्रवेशद्वार आहे. तिथे शहराची माहिती-यंत्रणा आणि लेण्यांचे पर्यटन यांचा एकत्र अभ्यास झाला, तर तो केवळ महाराष्ट्रासाठीच नव्हे, तर साऱ्या विषयासाठी उपयोगी ठरेल.

या संशोधनात कोणाचा अभ्यास राहून गेला आहे?

या प्रश्नाचे उत्तर मी एका प्रसंगाने देतो. काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी गेटवेच्या धक्क्याजवळ प्रश्नावली भरून घेत होती आणि मी तिच्यासोबत होतो. परभणीहून मुलाबाळांसह आलेल्या एका मावशींना तिने विचारले, “आपल्या सहलीत वापरलेल्या डिजिटल सुविधांबाबत आपण कितपत समाधानी आहात?” मावशींनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, “ताई, ते लिहा तुम्ही काय लिहायचं ते. परतीची शेवटची लाँच किती वाजता, तेवढं सांगा.” बत्तीस प्रश्नांच्या त्या प्रश्नावलीत वेळेबद्दल एकही प्रश्न नव्हता. त्यांच्याकडचे तिकीट पाहिले, तर ते पुण्यातील भाच्याने काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले होते. म्हणजे यंत्रणेच्या नोंदीत त्या दिवशीचा पर्यटक पुण्यातला एक तरुण होता आणि परभणीच्या पाच माणसांचा त्या नोंदीत पत्ताच नव्हता.

तेव्हापासून मी डिजिटल खुणांवर आधारलेल्या अभ्यासांकडे वेगळ्या नजरेने पाहतो. तिकीट काढणारा, पैसे भरणारा, अभिप्राय लिहिणारा आणि प्रत्यक्ष फिरणारा हे एकच मनुष्य आहे, असे बरेचसे लेखन गृहीत धरते. आपल्याकडे हे अनेकदा चार वेगळे लोक असतात. छायाचित्र टाकणारे दिसतात, न टाकणारे दिसत नाहीत; इंग्रजीत अभिप्राय देणारे दिसतात, मराठीत आपल्या गावी जाऊन तोंडी सांगणारे दिसत नाहीत.

याहून मोठी पोकळी सेवा देणाऱ्यांची आहे. लाँचवरील खलाशी, मार्गदर्शक, टोपी आणि काकडी विकणाऱ्या बाया, छोटे खानावळवाले यांच्या कामावर या यंत्रणांचा काय परिणाम होतो, याविषयीचे लेखन पर्यटकांच्या समाधानाविषयीच्या लेखनाच्या तुलनेत फारच तुटपुंजे आहे. स्मार्ट पर्यटनाच्या व्याख्येत परिसंस्था हा शब्द आहे. ती माणसे त्या परिसंस्थेचा भाग आहेत आणि त्यांच्याशिवाय पर्यटकाला साधे पाणीही मिळत नाही.

मुंबईत या विषयावर अभ्यास करायचा तर कुठून सुरुवात करावी?

मुंबईत आणि तिच्या कुशीत युनेस्कोची जागतिक वारसास्थळे आहेत : १९८७ मध्ये यादीत आलेली घारापुरीची लेणी, २००४ मध्ये आलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि २०१८ मध्ये आलेला व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह. यांतील प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. टर्मिनसमध्ये वारसा पाहणारा पर्यटक आणि ८:१२ ची लोकल पकडणारा चाकरमानी एकाच फलाटावर असतात. मोजणीच्या यंत्राला त्यांच्यातला फरक कसा कळावा, हाच एक पूर्ण प्रबंधाचा विषय आहे.

घारापुरीविषयी मला विशेष आस्था आहे. बेट रायगड जिल्ह्यात आहे, पर्यटक मुंबईतून जातात, लेण्यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण करते आणि बेटावर राजबंदर, शेतबंदर व मोराबंदर ही नांदती गावे आहेत. इतक्या वेगवेगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र आणणे म्हणजेच स्मार्ट पर्यटन, हे वर आलेच आहे. तेव्हा या संकल्पनेची खरी कसोटी इथे लागते. बेटावर समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. वीज आल्यावर दुकानदारांनी काय बदलले, मोबाइलवर पैसे घेणे कधी सुरू झाले, पावसाळ्यात फेऱ्या बंद पडल्यावर त्यांचे व्यवहार कसे चालतात, याची दहा वर्षांची नोंद आजच्या विद्यार्थ्याने सुरू केली तर पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला ती सोन्याच्या मोलाची वाटेल. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसे दगावली. बोटीत नेमके किती लोक आहेत हे प्रत्येक क्षणी किनाऱ्यावर माहीत असणे, हा त्यानंतर तरी केवळ सोयीचा विषय उरलेला नाही.

दुसरा विषय दादरचा. दरवर्षी ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. विदर्भ-मराठवाड्यातून रेल्वेच्या साध्या डब्यातून येणारी माणसे शिवाजी पार्कवरील मंडपात मुक्काम करतात, पुस्तकांच्या स्टॉलवर रांगा लावतात, राजगृह पाहतात आणि परत जातात. त्यांचे हॉटेलचे आरक्षण नसते, म्हणून पर्यटनाच्या अनेक अभ्यासांत ती पर्यटक ठरतच नाहीत. त्यांना पाणी, शौचालय, परतीची गाडी आणि हरवलेले मूल शोधणारी यंत्रणा यांची माहिती कशी मिळते आणि ती अधिक चांगली कशी देता येईल, याचा अभ्यास हा माझ्या मते या शहरातील सर्वांत निकडीचा स्मार्ट पर्यटनाचा विषय आहे. गणेशोत्सवातील दर्शनाच्या रांगांनाही हेच लागू आहे. दर्शनाचे थेट प्रक्षेपण सुरू झाल्याने प्रत्यक्ष गर्दी कमी झाली की उलट ओढ वाढली, हे तपासता येईल.

लहान प्रबंधासाठी रविवारचा मेगाब्लॉक घ्या. पर्यटक सर्वाधिक रविवारी फिरतात आणि लोकलच्या मार्गांवर देखभालीची कामेही बहुधा रविवारीच होतात. कान्हेरीला जाण्यासाठी बोरिवली गाठू पाहणाऱ्या बाहेरगावच्या कुटुंबाला मेगाब्लॉकची माहिती कुठून, कधी आणि कोणत्या भाषेत मिळाली, एवढ्याच प्रश्नावर एक उत्तम पदव्युत्तर प्रबंध होऊ शकतो.

पर्यटकांची माहिती गोळा करताना कोणती काळजी घ्यावी?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये मंजूर झाला असून त्यात संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. कायद्याची बाजू विद्यापीठाच्या नैतिकता समितीकडून समजून घ्यावी. त्याखेरीज माझा आग्रह असा, की संमतीपत्र समोरच्याच्या भाषेत वाचून दाखवावे, मोबाइल क्रमांक आवश्यक नसेल तर घेऊच नये, आणि छायाचित्रांत अनोळखी लहान मुलांचे चेहरे येऊ देऊ नयेत.

शोधनिबंध वाचायला मिळत नाहीत, काय करावे?

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांच्या या योजनेतून सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध होतात. आपली संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे. नसल्यास लेखकाला नम्रपणे ई-मेल करावा. बहुतेक लेखक आनंदाने प्रत पाठवतात. भारतीय पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’वर मोफत आहेत आणि विद्यार्थी तिकडे फिरकतच नाहीत, याची मला खंत वाटते. तिथल्या महाराष्ट्रातील जुन्या पर्यटनविषयक प्रबंधांत क्षेत्रभेटींची अशी माहिती असते, जी कोणत्याही परदेशी नियतकालिकात मिळणार नाही.

आपला लेख कोणत्या नियतकालिकाकडे पाठवावा?

विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची आपली ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्यामुळे आता निवडीची जबाबदारी संस्थेवर आणि लेखकावर आली आहे. चार दिवसांत स्वीकृती आणि लगेच शुल्काची मागणी, असे आश्वासन जिथे मिळते तिथे जाऊ नये. आपल्या संदर्भसूचीत जी नियतकालिके वारंवार येतात, तीच बहुधा आपल्या लेखाची योग्य ठिकाणे असतात.

या विषयावर मराठीत लिहिण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि मी तसा आग्रहच धरतो. स्कोपसमध्ये मराठी लेखाची गणना होण्याची शक्यता कमी आहे, म्हणून पदवीच्या अटींसाठी इंग्रजी लेख लागेल, हे मान्य. पण ज्यांच्याविषयी लिहायचे ते लाँचचालक, ग्रामपंचायतीचे सदस्य आणि मंडळांचे कार्यकर्ते मराठी वाचतात. घारापुरीवरील प्रबंधाचा आठ पानांचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत दिला, तर आपली निरीक्षणे कुठे चुकली हे तिथली माणसे पंधरा दिवसांत सांगतील. माझ्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्या एका किनारी गावात असे केले होते. त्याने ‘हंगाम’ ऑक्टोबरपासून धरला होता, गावातील एका आजोबांनी त्याच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगितले, “हंगाम नारळी पौर्णिमेला सुरू होतो, बाळा. तुझा दीड महिना राहिला.” त्याने पुन्हा गावात महिनाभर राहून ते दीड महिन्यांचे आकडे मिळवले आणि मगच प्रबंध सादर केला.